औषध देऊन होणारी हृदयाची स्ट्रेस टेस्ट: जाण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापुरात माझं औषधांचं दुकान आहे. बेळगावच्या दवाखान्यातून परत आलेली माणसं घरी जायच्या आधी दुकानाशी थांबतात, पिशवीतून घडी घातलेला कागद काढतात आणि म्हणतात, "ह्यात काय लिवलंय, जरा बघा की." कागद बहुतेक वेळा कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत असतो. हृदयाच्या स्ट्रेस टेस्टचा कागद असला की मी हातातलं काम बाजूला ठेवतो, कारण ह्या टेस्टची निम्मी तयारी पेशंटच्या स्वयंपाकघरात आणि गोळ्यांच्या डब्यात होते. तिथे चूक झाली तर रिपोर्टच चुकतो.

खाली तेच ते प्रश्न आहेत, जे मला वर्षानुवर्षं विचारले जातात. एक गोष्ट आधीच सांगतो: कुठली गोळी बंद करायची आणि कधी, हा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. काय विचारायचं, एवढं इथे वाचून जा.

ही टेस्ट म्हणजे नेमकं काय करतात?

माणूस बसलेला असताना हृदयाला रक्त कमी लागतं. नळी थोडी अरुंद झालेली असली तरी तेवढं काम भागतं, आणि ईसीजी सरळ दिसतो. शेतात बारीक धारेवर पाणी सोडलं तर सगळे वाफे भिजतात. मोटार पूर्ण चालू केली की कुठल्या पाटात गाळ साचलाय ते कळतं. हृदयाचंही तसंच. त्याला कामाला लावलं की कुठल्या भागाला रक्त कमी पडतं ते दिसतं.

एरवी हे काम ट्रेडमिलवर चालवून करतात. ज्यांचे गुडघे गेलेत, पाय मोडलाय, अर्धांगवायू झालाय किंवा दोन मिनिटं चाललं तरी जे थकतात, त्यांना चालवण्याऐवजी शिरेतून औषध देतात. मग हृदयाचे फोटो घेतात, एकतर इकोच्या मशीनवर, नाहीतर किरणोत्सर्गी औषध टोचून गॅमा कॅमेऱ्याखाली. दुसऱ्या प्रकाराला लोक अजून 'थॅलियम टेस्ट' म्हणतात. प्रत्यक्षात आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम वापरतात.

कुठलं औषध देणार, हे आपण विचारायचं का?

हो, आणि हाच पहिला प्रश्न विचारा. औषधं दोन जातींची आहेत आणि दोन्हींचं पथ्य वेगळं आहे.

एक डोब्युटामिन. हे हृदयाला जोरात आणि भरभर ठोके द्यायला लावतं. सलाईनमधून, साधारण दर 3 मिनिटांनी डोस वाढवत देतात. 220 मधून तुमचं वय वजा करायचं आणि त्याच्या 85 टक्क्यांपर्यंत नाडी न्यायची, असा हिशेब असतो. म्हणजे 60 वर्षांच्या माणसाची नाडी 136 पर्यंत. तेवढी वाढली नाही तर वर अॅट्रोपिनचं इंजेक्शन देतात.

दुसरी जात अॅडेनोसिन, रेगाडेनोसॉन आणि डायपिरिडामोल यांची. ही औषधं हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंद करतात. निरोगी नळी रुंद होते, आजारी नळी होत नाही, आणि तो फरक फोटोत उमटतो. अॅडेनोसिन 4 ते 6 मिनिटं चालू ठेवतात. रेगाडेनोसॉनचा एकच ठरलेला डोस असतो, 0.4 मिलिग्रॅम, आणि तो साधारण 10 सेकंदांत देऊन होतो.

चहा-कॉफीचं पथ्य मुख्यतः दुसऱ्या जातीसाठी फार कडक आहे. नाडी कमी करणाऱ्या गोळ्यांचा प्रश्न पहिल्या जातीला जास्त अडतो. पण टेबलावर गेल्यावर डॉक्टर औषध बदलूही शकतात, म्हणून बरीच केंद्रं सगळ्यांना सगळंच पथ्य सांगतात. ते पाळावं.

'उपाशीपोटी या' म्हटलंय. नुसता चहा चालेल ना?

नाही. आणि ह्या एका प्रश्नासाठीच मी हे सगळं लिहायला घेतलं.

आपल्याकडे चहा म्हणजे खाणं नव्हे. "मी उपाशीच हाय, नुसता चहा घेतलाय," हे वाक्य आपल्यात कुणालाच विचित्र वाटत नाही. माझ्या आत्याची टेस्ट ठरली होती. तिला तोंडी एवढंच सांगितलं होतं की सकाळी उपाशी या. बाकीचं पथ्य कागदावर होतं, तेही तिला न येणाऱ्या भाषेत, आणि तो कागद तिने देवघराच्या फळीवर जपून ठेवला होता. सकाळी साडेसहाला खानापूर स्टँडवर बसची वाट बघताना तिने अर्धा कप चहा घेतला. बेळगावात नाव पुकारलं, हाताला सुई लावली, छातीवर ईसीजीच्या चकत्या चिकटवल्या. उपाशी आहात का विचारलं, ती हो म्हणाली. मग तिथल्या बाईंनी कन्नडमध्ये आणखी काहीतरी विचारलं. आत्याला सगळं वाक्य कळलं नाही, पण आपल्याकडच्या कन्नडातही चहाला चहाच म्हणतात, तेवढा शब्द कळला. तिने मान हलवली. टेस्ट रद्द. सुई काढली, पुढची तारीख दिली. परतीच्या बसमध्ये आत्या दंडावरचा कापसाचा बोळा दाबून बसली होती आणि सारखं म्हणत होती, "अर्धाच कप होता रे."

दवाखान्याचा मला राग आला तो कागदाच्या भाषेचा. टेस्ट रद्द केली त्याचा नाही. ते त्यांनी बरोबर केलं.

अर्ध्या कपाने एवढं काय बिघडतं?

अॅडेनोसिनसारखं औषध रक्तवाहिनीवरच्या ज्या जागी जाऊन बसतं, नेमक्या त्याच जागा चहा-कॉफीतलं कॅफीन आधी अडवून ठेवतं. औषध शरीरात गेलं तरी त्याचा पुरता जोर चालत नाही. नळ्या नीट रुंद होत नाहीत, निरोगी आणि आजारी भागातला फरक दिसत नाही, आणि रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. अडथळा तिथेच असतो. पेशंट पेढे वाटत घरी जातो.

रद्द झालेल्या टेस्टपेक्षा मला ह्या खोट्या नॉर्मलची भीती जास्त वाटते. म्हणून पुन्हा सांगतो, चहा झाला असेल तर लपवू नका. "आता इतक्या लांब आलोय, सांगितलं तर परत पाठवतील," असं मनात येतं. पाठवू देत.

कॅफीन शरीरातून हळूहळू जातं. साधारण 5 तासांनी निम्मं उरतं, 10 तासांनी पाव. लिव्हरचा आजार असेल तर आणखी वेळ लागतो. म्हणून किमान 12 तास, आणि बरीच केंद्रं 24 तास बंद सांगतात. तुमच्या केंद्राने जो आकडा सांगितला तो धरा. आकडा सांगितलाच नसेल तर मी आपल्या गिऱ्हाइकांना 24 म्हणतो.

चहा-कॉफी सोडून आणखी कशात असतं?

काळा चहा, लेमन टी, ग्रीन टी सगळ्यांत असतं. दूध नाही म्हणून कॅफीन नाही, असं होत नाही. कॅफीन काढलेल्या कॉफीतही थोडं उरतंच, तीही नको. कोला, एनर्जी ड्रिंक, चॉकलेट, दुधात घालायची कोकोची पावडर हेही बंद. कुंदा किंवा करदंट, ही इकडची मिठाई, चालेल का, असंही विचारतात. कोको नसलेल्या साध्या कुंद्यात कॅफीन नसतं, आदल्या दिवशी दुपारी खाल्लात तर ह्या टेस्टला अडचण नाही. शुगर असेल तर गोष्ट वेगळी. टेस्टच्या आधी 3-4 तास मात्र पोट रिकामं हवं. पाण्याचे घोट चालतात का ते केंद्रात विचारा, बहुतेक ठिकाणी चालतात.

चहा सोडला की माझं डोकं ठणकतं. गोळी घेऊ?

रोज चार-पाच कप पिणाऱ्याचं डोकं दुखणारच. पण इथे एक सापळा आहे. डोकं दुखलं की आपल्याकडे हात सवयीने सॅरिडॉनकडे जातो, आणि सॅरिडॉनच्या एका गोळीत 50 मिलिग्रॅम कॅफीन आहे. म्हणजे चहा सोडला आणि चहाच गिळला. डोकेदुखीच्या आणि सर्दीच्या इतरही काही गोळ्यांत कॅफीन घातलेलं असतं. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा किंवा दुकानात दाखवा. कॅफीन नसलेली साधी पॅरासिटामॉल ह्या टेस्टला आड येत नाही. डॉक्टरांनी तुम्हाला तिला मनाई केली नसेल तर ती घ्या.

चार दिवस आधीपासून कप कमी करत आणलात तर त्रासही कमी होतो. आत्याने दुसऱ्या वेळी तेच केलं.

तंबाखू, विडी, मिसरी?

निपाणी भागात आणि आपल्याकडेही हा प्रश्न मोठा आहे, आणि बायका तो विचारतच नाहीत. मिसरी म्हणजे दात घासणं, व्यसन नव्हे, अशी समजूत आहे. मिसरी तंबाखूचीच असते. निकोटिनने नाडी आणि बीपी चढतं, रक्तवाहिन्या आवळतात. टेस्टच्या दिवशी सकाळी मिसरी, तंबाखू-चुना, गुटखा, विडी, काहीही नको. दात साध्या पेस्टने घासा. सुनेने किंवा मुलीने हे सासूला, आईला आदल्या रात्रीच सांगून ठेवावं, कारण पहाटे उठल्यावर हात आपोआप डबीकडे जातो.

रोजच्या गोळ्यांचं काय करायचं?

सगळ्या गोळ्या, पट्ट्यांसकट, एका पिशवीत घालून तारीख घ्यायला जाताना घेऊन जा. "ती लहान गुलाबी गोळी" म्हणून डॉक्टरांना काही कळत नाही. आयुर्वेदिक काढे आणि गावातल्या वैद्याची पुडीही त्याच पिशवीत घाला. मग एकेक पट्टी समोर ठेवून विचारा: ही घ्यायची, की बंद? बंद तर किती दिवस आधी? पट्टीवर पेनने लिहून घ्या.

तुम्हाला कल्पना यावी म्हणून मुख्य नावं सांगतो. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या नाडी वाढू देत नाहीत. डोब्युटामिनच्या टेस्टआधी त्या बऱ्याचदा 24 ते 48 तास बंद ठेवायला सांगतात. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिलबद्दलही विचारा. डायपिरिडामोलच्या गोळ्या चालू असतील तर दुसऱ्या जातीच्या टेस्टआधी त्या साधारण 48 तास थांबवतात.

पण स्वतःच्या मनाने नाही. बीटा ब्लॉकर अचानक सोडला तर नाडी उसळते, छातीत दुखू शकतं, अॅटॅकही येऊ शकतो. शिवाय कधीकधी डॉक्टरांना गोळ्या चालू असतानाच टेस्ट हवी असते, औषध पुरेसं लागू पडतंय का ते बघायला. शेजाऱ्याला बंद करायला सांगितली म्हणून तुम्हीही करायची, असं नसतं. आणि टेस्टनंतर ती गोळी कधी सुरू करायची, तेही त्याच वेळी विचारून घ्या. बंद केलेली गोळी पुन्हा सुरू करायला विसरलेली माणसं मी पाहिली आहेत.

मला दमा आहे.

हे पहिल्याच वाक्यात सांगा. अॅडेनोसिनने श्वासनलिका आवळू शकतात, म्हणून छातीत घरघर चालू असेल तर ते देत नाहीत. अशा पेशंटला बहुधा डोब्युटामिनवर नेतात.

दुसरी बाजू दम्याच्या गोळीची. डेरिफायलिन आपल्याकडे घरोघरी आहे. त्यातलं थिओफायलिन कॅफीनच्याच कुळातलं आहे आणि चहासारखंच औषध अडवतं. ते किती आधी थांबवायचं आणि तोवर दम्याला दुसरं काय घ्यायचं, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पंप सोबत न्या, तो घरी राहता कामा नये. आदल्या रात्री सर्दी-खोकला झाला, शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तर सकाळी निघण्याआधी फोन करा.

शुगर आहे, उपाशी कसं राहू?

सकाळची पहिली वेळ मागून घ्या. इन्सुलिन आणि गोळ्यांचा सकाळचा डोस किती घ्यायचा ते आधी विचारा, कारण पोटात काही नसताना नेहमीचा पूर्ण डोस घेतला तर शुगर खाली येते. खिशात साखर किंवा गूळ ठेवा. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असं झालं तर पथ्याचा विचार न करता साखर खा आणि तिथे सांगा.

काचबिंदू किंवा लघवीच्या तक्रारीचा हृदयाशी काय संबंध?

हृदयाशी नाही, अॅट्रोपिनशी आहे. काही प्रकारच्या काचबिंदूत त्याने डोळ्यातला दाब एकदम वाढू शकतो. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. नर्सबाईंसमोर लघवीचं कसं सांगायचं, म्हणून आजोबा लोक गप्प बसतात. सांगा. त्यांनी हे रोज ऐकलेलं असतं.

दुसरी एक गोळी आहे, ती कुणाला सांगितलेली नाही.

पुरुषांची ताकदीची गोळी. चिठ्ठीशिवाय घेतलेली असते, घरात माहीत नसते. टेस्टमध्ये छातीत दुखलं तर जिभेखाली सॉर्बिट्रेटसारखं औषध देऊ शकतात. ताकदीच्या गोळीतलं सिल्डेनाफिल 24 तासांत किंवा टाडालाफिल 48 तासांत घेतलेलं असेल तर ती गोळी आणि हे जिभेखालचं औषध मिळून बीपी धोकादायक खाली जाऊ शकतं. मुलाला बाहेर थांबायला सांगा आणि डॉक्टरांच्या कानात सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.

टेस्ट पुढे कधी ढकलावी?

आत्ता छातीत दुखतंय, बसल्या जागी दुखतंय, दुखणं दिवसागणिक वाढतंय, तर ही टेस्टची वेळच नाही. सरळ इमर्जन्सीत जा किंवा 108 ला फोन करा. नुकताच अॅटॅक येऊन गेलाय, बीपी फार चढलेलं किंवा फार उतरलेलं आहे, हृदयाची झडप खूप अरुंद आहे, पेसमेकर नसताना हार्ट ब्लॉक (नळीतला अडथळा नव्हे, ठोक्यांच्या विजेच्या संदेशातला अडथळा) आहे, मोठ्या रक्तवाहिनीला फुगा किंवा चीर आहे, पूर्वी फिट आलेली आहे, ह्यातलं काहीही असेल तर जुन्या फायलीसकट डॉक्टरांपुढे ठेवा. कधी औषध बदलतात, कधी टेस्टच.

जिवाला धोका असतो का?

थोडा असतो. म्हणूनच सहीचा कागद असतो, डॉक्टर आणि हृदयाला विजेचा धक्का देण्याचं मशीन शेजारी असतं. डोब्युटामिनच्या टेस्टमध्ये अॅटॅक किंवा हृदयाची लय प्राणघातक बिघडणं असं साधारण 2000 टेस्टमागे एकदा घडतं, असं हृदयरोगाची पुस्तकं सांगतात. अॅडेनोसिन आणि रेगाडेनोसॉनमुळे क्वचित अॅटॅक आणि मृत्यू झाल्याचं कळल्यावर अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2013 साली इशारा दिला होता: छातीचं दुखणं अस्थिर असलेल्यांना ही औषधं देऊ नयेत. वरच्या उत्तरात ती यादी दिली ती ह्यासाठीच.

नेहमीचा त्रास मात्र बहुतेकांना होतो. डोब्युटामिनने छातीत धडधड, हाताला कंप. अॅडेनोसिनने चेहरा गरम होणं, छातीवर ओझं, दम लागणं. आत्या म्हणाली, "एकदम भट्टीपुढं उभं केल्यागत झालं, आणि गेलं बी." अॅडेनोसिन रक्तात 10 सेकंदांतच निम्म्याखाली येतं, म्हणून बंद केल्यावर ते बहुधा मिनिटभरात निवळतं. दुसऱ्या औषधांना उतारे आहेत आणि ते तयार ठेवलेले असतात.

तिथे सगळे कन्नडच बोलतात. आत त्रास झाला तर?

बेळगावात मराठी कळणारं कुणीतरी असतंच, पण ते नेमकं तुमच्या टेबलाशी असेलच असं नाही. सही करण्याआधी कागद मराठीत समजावून मागा. त्यात संकोच नको. न कळलेल्या कागदावर केलेली सही संमती होत नाही. आत जाण्याआधी दोन शब्द पाठ करा: छातीत दुखतंय म्हणजे 'एदी नोवु'. 'दम' लागतोय म्हटलं की तेही समजतात. शब्द सुचला नाही तर हात छातीवर ठेवून दुसरा हात वर करा. कळ सोसून पडून राहू नका. आपल्या बायामाणसांना सोसायची सवय असते, आणि ह्या टेबलावर तीच नडते.

सोबत काय न्यायचं, कपडे कसे?

जुने ईसीजी, इको, अँजिओग्राफीचा रिपोर्ट, स्टेंट किंवा पेसमेकरचं कार्ड. पुढून उघडणारे सैल कपडे. बायकांनी साडीऐवजी गाऊन किंवा पुढे बटणं असलेला ब्लाऊज. छातीला तेल, बाम, पावडर लावू नका, चकत्या चिकटत नाहीत. मंगळसूत्र काढायला लावतील, ते ठेवायला घरचं माणूस हवं. योजनेचं कार्ड असलं तरी ह्या टेस्टला ते लागू होतं का, ते आदल्या दिवशीच काउंटरवर विचारा. सीमाभागात दोन्ही राज्यांच्या योजनांची नावं कानावर येतात आणि माणूस गोंधळतो.

इकोची टेस्ट तासाभरात आटपते. थॅलियमला 3-4 तास धरा, कधी दोन दिवसही बोलावतात. अॅट्रोपिन दिलं असेल तर काही तास नजर अंधूक राहते, तेव्हा मोटरसायकल चालवत परत येऊ नका.

थॅलियमच्या किरणांचं घरातल्या लहानांना काही होईल?

टेक्नेशियम दर 6 तासांनी निम्मं होतं. भरपूर पाणी प्या, लघवीला जाऊन या. तेवढा दिवस तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन बसू नका, गरोदर बाईला फार चिकटून राहू नका. पेशंट स्वतः गरोदर असेल, शंका असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर तारीख घेतानाच सांगायचं. पुढच्या काही दिवसांत सांबऱ्याहून विमानाने जायचं असेल तर केंद्राकडून चिठ्ठी घ्या, विमानतळावरची किरण ओळखणारी यंत्रं वाजू शकतात.

मग चहा कधी प्यायचा?

सगळे फोटो झाल्यावर, तिथल्या माणसाने हो म्हटल्यावर. थॅलियममध्ये दोन फोटोंच्या मध्ये नाश्ता किंवा दूध घ्यायला सांगतात, तेव्हा चहा चालतो का हे विचारल्याशिवाय घेऊ नका. रेगाडेनोसॉननंतर डोकं दुखत असेल तर शेवटी चहा-कॉफी मुद्दाम द्यायलाही सांगतात, कारण आधी ज्या कारणाने ते नको असतं, त्याच कारणाने नंतर ते उतारा ठरतं.

आत्याची दुसरी टेस्ट नीट झाली. मराठीत लिहिलेली यादी मी तिच्या फ्रीजवर चिकटवली होती, आणि मिसरीची डबी वहिनीने दोन दिवस आपल्या कपाटात ठेवली होती. दुपारी एकच्या सुमारास त्या आधीच्याच बाई बाहेर आल्या, आत्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "अज्जी, चहा." आत्याने पूर्ण कप घेतला, बशीत ओतून.